‘ओसरी’ची जाहिरात : प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी संगीत अल्बमच्या जाहिराती हा विषय घेतला असून त्याचे दोन भाग ठरले आहेत. पहिल्या भागात गेल्या सव्वाशे वर्षांतील काही निवडक जाहिराती आणि कव्हर पाहून रचनाकाराच्या कोणत्या निर्णयाने कोणता श्रोता जवळ आला, याचा माग काढायचा आहे. दुसऱ्या भागात एका प्रत्यक्ष अल्बमची जाहिरात तयार करायची आहे. हा अल्बम डोंबिवलीच्या चार तरुणांच्या गटाचा आहे. त्यांनी तीन नव्या कवींच्या सहा कवितांना चाली लावून त्या गिटार, तबला आणि हार्मोनियमच्या साथीने ध्वनिमुद्रित केल्या आहेत आणि संग्रहाला ‘ओसरी’ असे नाव दिले आहे. गटाच्या इच्छेनुसार या नोंदींत त्यांचे नाव लिहिलेले नाही.

जाहिरात दोन ठिकाणी जाणार आहे: एका दिवाळी अंकात अर्धे पान, तेही काळ्या-पांढऱ्या छपाईत, आणि मोबाइलवर रंगीत चौकोन म्हणून. अंकाच्या कार्यालयाने १० सप्टेंबर ही शेवटची तारीख दिली आहे. मार्गदर्शक मॅडमची अट एकच आहे की, नोंदवहीत ‘आवडले’ किंवा ‘छान वाटते’ असे शब्द चालणार नाहीत. काय ठरवले आणि का ठरवले, एवढेच लिहायचे.

११ जुलै

सुरुवात घरातून केली. मावशीच्या कपाटात १९९० च्या आगेमागे घेतलेल्या कॅसेट एका बुटांच्या खोक्यात भरून ठेवलेल्या आहेत. त्यांतील भक्तिगीतांच्या एका कॅसेटचे कागदी कव्हर बाहेर काढून मी पट्टीने मोजले. दर्शनी भाग जेमतेम साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच आहे. एवढ्या जागेत मधोमध विठ्ठलाची मूर्ती, तिच्यामागे किरणांचे वलय, खाली डावीकडे लंबगोलात गायकाचा चेहरा, वरच्या बाजूला पिवळ्या कडांची, उठाव दिलेली तांबडी अक्षरे, त्यांच्याखाली ‘गीत’, ‘संगीत’ आणि ‘स्वर’ अशा तीन ओळी आणि उजव्या कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह असा सगळा संसार मांडलेला आहे. मोकळी जागा करंगळीच्या नखाएवढीही सापडत नाही. आतल्या घडीवर दोन्ही बाजूंच्या गाण्यांची यादी आहे आणि ती वाचायला मावशीने चष्मा मागितला.

वर्गात अशा कव्हरांना ‘गजबजलेले’ हा एक शब्द लावून आम्ही पुढे जात आलो आहोत. परंतु ही कॅसेट जिथून आली त्या एसटी स्थानकासमोरच्या टपरीचे वर्णन मावशीने केले, तेव्हा माझे मत डळमळले. कॅसेट काचेमागे एकावर एक रचलेल्या असत, गिऱ्हाईक चार-पाच फुटांवर उभे राहून बोटाने दाखवत असे आणि मागे गाडी सुटण्याची घाई असे. देव कोणता हे मूर्तीच्या रंगाकडे बघून कळत होते, गायक कोण हे चेहऱ्यावरून कळत होते, आणि कॅसेट हातात आल्यावर उरलेले वाचले जात होते. दुकानदाराला विचारावा लागला असता असा प्रत्येक प्रश्न त्या साडेसहा सेंटिमीटरांत आधीच सोडवून ठेवलेला होता. ‘गीत, संगीत, स्वर’ हा क्रमही कव्हर करणाऱ्याच्या मनचा नाही. आकाशवाणीच्या निवेदनातून तो मराठी कानांना इतका सवयीचा झालेला आहे की, कवीचे नाव आधी आले नाही तर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

ठरवले ते असे: यापुढे पाहिलेल्या प्रत्येक जाहिरातीसाठी काय सांगितले आणि काय गाळले, असे दोन रकाने भरायचे.

१५ जुलै

आज ग्रामोफोनचा काळ पाहिला. फ्रान्सिस बॅरॉडने निपर नावाच्या कुत्र्याचे चित्र काढले तेव्हा त्यात मुळात नळकांड्यांवर चालणारा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते विकत घेताना फोनोग्राफच्या जागी आपले तबकडीचे यंत्र रंगवून घेतले. म्हणजे जगातील सर्वांत ओळखीच्या संगीत-चिन्हांपैकी एकाची सुरुवातच गिऱ्हाइकाने सुचवलेल्या ‘करेक्शन’ने झाली, ही गोष्ट आमच्या वर्गाला दिलासा देणारी आहे. आपल्याकडे मालाला ‘छाप’ असण्याची पद्धत जुनी असल्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कुत्र्याच्या चित्राची तबकडी मागता येत होती. इथे चित्र हेच नाव होते.

याच काळातील दुसरी नोंद गायिका गौहरजानची. १९०२ मध्ये कलकत्त्यात तिचे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि गाण्याच्या शेवटी तिने स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले. तबकड्या त्या वेळी जर्मनीतील हानोव्हरला तयार होऊन येत असत आणि कोणत्या तबकडीवर कोणाचे लेबल लावायचे हे तिथल्या माणसांना कळावे म्हणून ही सोय केली होती, असे सांगितले जाते. कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. नाव सांगण्याची गरज कारखान्याची होती, परंतु ऐकणाऱ्यांच्या लक्षात तिचा तो ठसका राहिला.

२० जुलै

दोन्ही रकाने भरताना आज प्रथमच ‘गाळले’चा रकाना मोठा झाला.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक गटाचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला. लंडनच्या हिप्नॉसिस या रचनाकार-संस्थेचे त्याचे कव्हर म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर एक लोलक, त्यात शिरणारा प्रकाशाचा पांढरा किरण आणि बाहेर पडणारे रंग. पुढच्या बाजूला गटाचे नाव नाही, अल्बमचे नाव नाही आणि माणसाचा चेहराही नाही. या आधी याच संस्थेने १९७० मध्ये याच गटासाठी कुरणात उभी असलेली एक गाय नावाशिवाय छापली होती. बीटल्सचा १९६८ मधला पांढरा अल्बम तर सर्वांना माहीतच आहे. चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनने तिथे नाव गाळले नाही, पण शाई न वापरता कोऱ्या कव्हरवर नुसते उठावाने दाबले आणि सुरुवातीच्या प्रतींवर क्रमांक घातले. लाखोंच्या संख्येने छापल्या जाणाऱ्या वस्तूला मर्यादित आवृत्तीचा आव आणणारा तो क्रमांक मला या सगळ्यांत चतुर वाटला.

१९७९ मध्ये मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने जॉय डिव्हिजन या रॉक गटाचा ‘अननोन प्लेझर्स’ काढला. त्याच्या कव्हरसाठी रचनाकार पीटर सॅव्हिल याने खगोलशास्त्राच्या कोशातील एक आलेख उचलला. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांच्या निरीक्षणातून सापडलेल्या पहिल्या पल्सारच्या, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ-लहरी पाठवणाऱ्या ताऱ्याच्या, स्पंदनांच्या एकाखाली एक रचलेल्या त्या रेघा आहेत. मूळ आलेख पांढऱ्यावर काळा होता. सॅव्हिलने तो काळ्यावर पांढरा केला. पुढच्या बाजूला एकही अक्षर नाही. आज तो आलेख जगभर टीशर्टवर दिसतो आणि तो घालणाऱ्या अनेकांनी अल्बम ऐकलेला नसतो.

या सर्वांत मला एक समान धागा दिसला. नाव नसलेले कव्हर दुकानात हातात घेणाऱ्याला ‘तुला माहीत आहेच’ असे म्हणते, आणि ज्याला खरोखर माहीत असते त्याला आपण एका आतल्या गोटात असल्याचे समाधान मिळते. याच वाटेने ‘ओसरी’ची जाहिरात करावी, असे आज रात्री ठरवले आहे: छायाचित्र आणि मोकळी जागा. गटाचे नाव द्यायचे नाही.

२४ जुलै

बदलापूरजवळच्या एका गावात गटातील एकाच्या आजोळी चौकटी-खांबांची जुनी ओसरी अजून उभी आहे. पावसाने उघडीप दिली त्या तासाभरात छायाचित्रे घेतली. शेणाने सारवलेली जमीन, दोन लाकडी खांब, पायरीशी काढून ठेवलेले चपलांचे चार जोड आणि आत कोणी नाही, अशी कल्पना होती. माणसे आत बसून गात आहेत, आपण अंगणात उभे आहोत आणि आपलीही चप्पल काढायची वेळ झाली आहे, असे पाहणाऱ्याला वाटावे. हार्मोनियम वाजवणारा येऊ शकला नाही, म्हणून चौथा जोड माझाच ठेवला.

पहिला आराखडा रात्री पूर्ण झाला. वर तीन-चतुर्थांश छायाचित्र, खाली मोकळा पांढरा पट्टा आणि त्यात उजवीकडे बारीक अक्षरांत ‘ओसरी’.

२८ जुलै

आराखडा अकरा जणांना प्रत्येकी पाच सेकंद दाखवून ‘ही कशाची जाहिरात आहे?’ एवढाच प्रश्न विचारला. दोघांनी गृहप्रकल्प सांगितला. एका काकांनी वृद्धाश्रम म्हटले आणि पत्ता विचारला. कृषी पर्यटन, मराठी नाटक, घरगुती जेवणाचे हॉटेल ही उत्तरेही आली. तळमजल्यावरच्या शाळकरी मुलाने अजिबात विचार न करता ‘चपलांची’ असे सांगितले. संगीताचे नाव एकाच्याही तोंडी आले नाही.

मॅडमना हे दाखवले तेव्हा त्यांनी ‘पिंक फ्लॉइडचा तो अल्बम कितवा होता?’ असे विचारले. मोजून पाहिले, तो आठवा होता. त्या गटाचा पहिला अल्बम १९६७ चा आहे आणि त्याच्या कव्हरवर चौघांचे चेहरे आहेत, ही गोष्ट २० तारखेच्या माझ्या नोंदीत सोयीस्करपणे राहून गेली होती.

१ ऑगस्ट

२० जुलैच्या नोंदीत आणखी एक दुरुस्ती करणे भाग आहे. १९७५ च्या ‘विश यू वेअर हिअर’ या अल्बमचे कव्हर हिप्नॉसिसने अपारदर्शक काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकायचे ठरवले होते. बाहेरून चित्र दिसूच नये, ही कल्पना अल्बमच्या ‘अनुपस्थिती’ या विषयाला धरून होती. परंतु त्या काळ्या प्लास्टिकवर एक गोल स्टिकर लावले गेले. त्यावर हस्तांदोलन करणारे दोन यांत्रिक हात होते, आणि गटाचे नाव व अल्बमचे नाव हेही होते. म्हणजे जगभर नाव झालेल्या गटालाही दुकानाच्या फळीवर नावाची चिठ्ठी चिकटवावी लागली. कव्हर गप्प राहू शकते, कारण बोलण्याचे काम दुसरे कोणीतरी करत असते: रेडिओ, परीक्षणे, मैफली, दुकानदार. आपल्याकडे ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत याप्रमाणे घरोघर पोचले होते. त्यानंतरच्या तबकडीवर नुसते शीर्षक छापले असते तरी चालले असते.

जाहिरातीला मात्र ही सवलत नसते. नवख्या माणसाच्या बाबतीत तर ती जाहिरात हेच पहिले बोलणे असते. ‘ओसरी’च्या गटाची एकही मैफल डोंबिवलीच्या बाहेर झालेली नाही आणि मी त्यांना आठव्या अल्बमचे मौन बहाल करून बसलो होतो.

ठरवले: गाळण्याचा हक्क श्रोत्याच्या ओळखीतून येतो, असे धरून चालायचे आणि आराखडा नव्याने मांडायचा.

५ ऑगस्ट

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांचा १९६४ मधील प्रतिमेविषयीचा निबंध मॅडमनी वाचायला दिला. त्यात त्यांनी एका फ्रेंच पास्त्याच्या जाहिरातीची चिरफाड केली आहे. जाळीच्या पिशवीतून सांडणारे टोमॅटो, मिरच्या आणि पास्त्याची पाकिटे मिळून ‘इटलीपण’ कसे तयार होते, हे ते दाखवतात. चित्राचे अर्थ अनेक दिशांना वाहत जातात आणि सोबतचा मजकूर नांगर टाकून त्यांना एका जागी धरून ठेवतो, ही त्यांची मांडणी माझ्या अकरा उत्तरांना तंतोतंत लागू पडली. माझी नाव गृहप्रकल्पापासून चपलांच्या दुकानापर्यंत भरकटली होती.

नांगर किती जड असावा, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी न्यूयॉर्कच्या ब्लू नोट या जॅझ कंपनीची १९५० आणि १९६० च्या दशकांतील कव्हर पाहिली. फ्रान्सिस वुल्फ यांची कृष्णधवल छायाचित्रे आणि रीड माइल्स यांची अक्षररचना असा हा जोडकारभार होता. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी अनेक कव्हर दोनच रंगांत छापली जात आणि माइल्स त्या अडचणीतूनच वाट काढत. जॅकी मॅक्लीन यांच्या ‘इट्स टाइम!’ या कव्हरवर त्यांनी छायाचित्र टपाल तिकिटाएवढे करून उरलेली सारी जागा उद्गारचिन्हांच्या रांगांनी भरली आहे. इथे वादकाचे नाव, अल्बमचे नाव, सारे काही सांगितलेले आहे. गाळलेले काही नाही. तरीही ते मावशीच्या कॅसेटसारखे दिसत नाही, कारण अक्षरेच चित्र झाली आहेत आणि त्यांच्या अंतरांत ताल आहे. माइल्स यांना स्वतःला जॅझची फारशी गोडी नव्हती असे म्हणतात. मला त्यात विसंगती वाटत नाही. त्यांना ऐकणाऱ्याची नजर ओळखता येत होती.

९ ऑगस्ट

जाहिरात फसते किंवा अंगावर उलटते तेव्हा श्रोता अधिक स्पष्ट दिसतो. आज अशी तीन प्रकरणे एकत्र वाचली.

पहिले प्रकरण १९६८ च्या अखेरचे आहे. अमेरिकेत विद्यार्थ्यांची आंदोलने भरात असताना कोलंबिया रेकॉर्ड्सने तरुणांच्या नियतकालिकांत एक जाहिरात दिली. छायाचित्रात निदर्शनांत पकडलेली तरुण मुले पोलिसांच्या कोठडीत बसलेली दिसतात, आणि वरच्या ओळीचा आशय असा आहे की, सत्ताधारी आमच्या संगीताला मात्र बेड्या घालू शकणार नाहीत. विकायच्या होत्या आधुनिक अभिजात संगीताच्या तबकड्या. यातील ‘आमच्या’ हा शब्द सर्व घोटाळ्याचे मूळ आहे. छायाचित्रातील कपडे, केस, फलक हे सारे त्या वाचकाच्या ओळखीचे होते, परंतु बोलणारी होती एक बडी कंपनी, आणि वाचकाला ते कळत होते. ती ओळ पुढे अनेक वर्षे थट्टेचा विषय झाली. रचना श्रोत्यासारखी दिसली म्हणजे ती श्रोत्याची होते असे नाही. उसनी जवळीक पहिल्या वाचनातच उघडी पडते.

दुसरे प्रकरण लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरील फलकांचे. १९६७ मध्ये द डोअर्स या रॉक गटाच्या पहिल्या अल्बमसाठी तिथे फलक लागला आणि तेव्हापासून त्या रस्त्यावर अल्बमचे हाताने रंगवलेले प्रचंड फलक लावण्याची प्रथाच पडली. १९७६ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘ब्लॅक अँड ब्लू’ अल्बमसाठी तिथे दोरांनी बांधलेली, अंगावर मारहाणीचे वळ असलेली एक स्त्री दाखवली गेली आणि ‘रोलिंग स्टोन्सनी मला काळीनिळी केली आणि मला ते आवडते’ अशा अर्थाचे वाक्य तिच्या तोंडी घातले गेले. अल्बमच्या नावावरचा तो शब्दखेळ होता. स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या तिथल्या स्त्रियांच्या गटाने निदर्शने केली, फलक उतरवला गेला, बहिष्काराची मोहीम तीन वर्षे चालली आणि अखेर १९७९ मध्ये त्या तबकड्यांचे वितरण करणाऱ्या वॉर्नर कंपनीला आपल्या जाहिरातींत स्त्रियांवरील हिंसा न दाखवण्याचे धोरण मान्य करावे लागले. मासिकातील जाहिरात त्या मासिकाचा वाचक पाहतो. रस्त्यावरचा फलक मात्र कामावर निघालेली प्रत्येक बाई पाहते. कव्हरवर तर फक्त पाच वादकांचे चेहरे होते. तेव्हा हा निर्णय अल्बमचा नव्हता, जाहिरात विभागाचा होता, आणि ‘आपला श्रोता’ म्हणून त्यांनी कोणाला धरले होते हे त्यातून लख्ख दिसते.

तिसरे प्रकरण सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक गटाच्या १९७७ मधील अल्बमचे आहे. रचनाकार जेमी रीड यांनी भडक पिवळ्या रंगावर, खंडणीच्या चिठ्ठीसारखी कापून चिकटवलेली अक्षरे लावली. त्या शीर्षकातील एका शब्दामुळे नॉटिंगहॅमच्या दुकानाच्या व्यवस्थापकावर खटला भरला गेला. कारण काय, तर दुकानाच्या काचेत कव्हर मांडले होते, आणि कायदा लावला तो १८८९ चा असभ्य जाहिरातींविषयीचा. बचावासाठी इंग्रजीच्या एका प्राध्यापकाची साक्ष झाली, त्यांनी त्या शब्दाचे जुने अर्थ उलगडून सांगितले आणि आरोपी सुटला. दुकानाच्या काचेत कव्हर लावले की कायद्याच्या दृष्टीने ती जाहिरात होते, एवढा मुद्दा माझ्या कामाचा आहे. पांढरपेशा माणसाला खटकावे हेच त्या रचनेचे काम होते, त्यामुळे खटल्याने जाहिरातीचे उरलेले काम केले. अमेरिकेत १९८५ नंतर गाण्यांतील आक्षेपार्ह शब्दांबाबत पालकांसाठी अल्बमवर आलेल्या इशाऱ्याच्या शिक्क्याचेही काहीसे असेच झाले. इशारा पालकांसाठी होता, आणि मुले तोच शिक्का पाहून अल्बम उचलू लागली.

१४ ऑगस्ट

‘ओसरी’चा श्रोता कोण, हा प्रश्न मी इतके दिवस एकवचनात विचारत होतो. दुसरा आराखडा दाखवताना मात्र उत्तरे सरळ दोन गटांत पडली. दिवाळी अंक वाचणाऱ्या, साधारण पन्नाशीच्या पुढच्या मंडळींनी पहिला प्रश्न ‘कविता कोणाच्या?’ असा केला. गटाच्या वयाच्या मुलांनी ‘कुठे ऐकायचे?’ एवढेच विचारले. पहिल्यांना गाण्याची कुळी हवी आहे आणि दुसऱ्यांना गाण्याचा पत्ता.

यावरून एकच जाहिरात दोन जागी छोटी-मोठी करून टाकण्याचा बेत सोडून दिला. छायाचित्र आणि शीर्षकाचे अक्षर दोन्हीकडे तेच राहील. दिवाळी अंकात शीर्षकाखाली ‘सहा कविता, चार आवाज’ ही नांगराची ओळ, तिच्याखाली तिन्ही कवींची नावे, मग गटाचे नाव अशी उतरंड राहील. मोबाइलच्या चौकोनात कवींची नावे नसतील. शीर्षक, गटाचे नाव आणि ‘आता ऐका’ एवढेच राहील. गटातील गिटारवाल्याने छायाचित्रात खांबाला टेकवलेली गिटार ठेवण्याची सूचना केली होती. ती मी प्रथम ढोबळ म्हणून नाकारली. परंतु पाच सेकंदांच्या चाचणीत गिटार असलेल्या चित्राला सर्वांनी ‘गाण्याचे काहीतरी’ म्हटले आणि मला माघार घ्यावी लागली. अखेर आख्खी गिटार न दाखवता खांबाआडून डोकावणारे तिचे डोके आणि चार-दोन खुंट्या एवढेच ठेवले.

२१ ऑगस्ट

आजचा दिवस एका शब्दात गेला.

‘ओसरी’ या शब्दाच्या डोक्यावर बऱ्याच गोष्टी आहेत. ‘ओ’ची मात्रा शिरोरेषेच्या वर उडते आणि ‘री’ची दुसरी वेलांटी शेवटी वर चढून खाली उतरते, मधला ‘स’ शांत बसलेला आहे. शिरोरेषा ही ओसरीच्या छपराची वळचण आणि काने हे खांब, असे रेखाटन केले तेव्हा ‘ओ’ आणि ‘री’ यांचे काने बरोबर दोन टोकांना आले आणि मधल्या ‘स’चा काना तिसरा खांब झाला. शिरोरेषा शब्दाच्या बाहेर दोन्हीकडे थोडी वाढवली. मोठ्या आकारात हे सुरेख दिसते.

मोबाइलवर मात्र गाण्यांच्या यादीत कव्हर अंगठ्याच्या नखाएवढे होते. वितरकाला ३००० बाय ३००० पिक्सेलची फाइल द्यायची असते आणि पाहणाऱ्याला त्यातले जेमतेम शंभर-दीडशे पिक्सेल दिसतात. त्या मापात ‘ओ’ची मात्रा आणि वाढवलेली शिरोरेषा एकमेकींत मिसळून डाग झाला, आणि ‘ओसरी’ हा शब्द ‘आसरी’ असा वाचला गेला. उपाय म्हणून मात्रेचा कोन अधिक उभा केला, शिरोरेषा एक पंचमांशाने बारीक केली आणि ‘री’च्या वेलांटीतील पोकळी उघडली. छपराचा भास थोडा कमी झाला, पण शब्द वाचता येऊ लागला. बाकीच्या मजकुरासाठी ‘एक टाइप’ या अक्षररचना-संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट घेतला, कारण त्याची अक्षरे लहान आकारात स्वच्छ राहतात आणि माझ्या खांबांशी स्पर्धा करत नाहीत.

२ सप्टेंबर

गणपतीमुळे आठवडाभर काम मागे पडले. मात्र दर्शनाला घरी येणाऱ्यांची वर्दळ फुकट घालवली नाही. अर्ध्या पानाचा छापील नमुना प्रसादाच्या ताटाशेजारी ठेवला होता.

नमुन्यात उजव्या कोपऱ्यात ऐकण्यासाठी क्यूआर कोड आहे. शेजारच्या काकांनी चष्मा वर सरकवून तो न्याहाळला आणि ‘किती पाठवायचे?’ असे विचारत खिशातून मोबाइल काढला. त्यांना वर्गणी वाटली होती. दिवसभरात आणखी दोघांची तीच समजूत झाली. भाजीच्या गाडीपासून औषधाच्या दुकानापर्यंत जो चौकोन रोज पैसे देण्यासाठीच समोर येतो, तो जाहिरातीत आला की गाण्याचा दरवाजा ठरत नाही, हे परदेशी जाहिरातींच्या अभ्यासातून मला कधीच उमगले नसते. कोडच्या खाली ‘स्कॅन करा’ असे लिहिले होते, ते काढून कोडच्या वर ठळक अक्षरांत ‘गाणी ऐका, विनामूल्य’ असे लिहिले आणि चौकोन पायरीच्या रेषेत, चपलांच्या शेजारी सरकवला. आता तो छायाचित्राचा भाग वाटतो, पावतीचा वाटत नाही.

८ सप्टेंबर

फाइल पाठवल्यावर अंकाच्या कार्यालयातून फोन आला. ‘अहो, तुमचा मजकूर आमच्याकडे फुटतोय,’ असे डीटीपी करणाऱ्या बाईंनी सांगितले आणि पडद्याचे छायाचित्र पाठवले. त्यांनी माझ्या पीडीएफमधला मजकूर उचलून त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा जुळवायला घेतला होता. ‘कविता’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘व’च्या आधी न बसता मागे जाऊन पडली होती आणि एका कवीच्या आडनावातील जोडाक्षर पाय मोडून उभे होते. ज्या वाचकासाठी कवींची नावे घातली, तोच वाचक अशी चूक प्रथम पाहणार होता. सर्व अक्षरांच्या आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे चित्र करून, फाइल पुन्हा दिली आणि मजकुराला हात न लावण्याची विनंती केली.

दुसरी अडचण काळ्या रंगाची होती. अंकाच्या खरखरीत कागदावर शाई पसरते, त्यामुळे ओसरीचा आतला अंधार, गिटारच्या खुंट्या आणि लाकडी खांब हे सर्व एकच काळा ठोकळा होऊन येण्याची शक्यता होती. छायाचित्रातील गडद भाग पडद्यावर फिकट, जवळजवळ राखाडी दिसेल इतका उजळला. गटाला तो नमुना ‘धुतल्यासारखा’ वाटला. मी त्याच कागदावर काढलेली प्रत दाखवल्यावर त्यांनी मान्यता दिली.

११ सप्टेंबर

काल जाहिरात अंतिम स्वरूपात दिली आणि आज पानाची प्रूफ आली. आमच्या अर्ध्या पानाच्या वर एका पतपेढीची जाहिरात आहे. तीत संचालक मंडळाचे चेहरे, ठेवींच्या व्याजाचे दर आणि शुभेच्छा असे सारे काठोकाठ भरलेले आहे. तिच्याखाली आमची मोकळी जागा ठरवल्यापेक्षा मोठी दिसते, हा लाभ अनपेक्षित आहे. मावशीने प्रूफ चष्म्याशिवाय वाचली. कवींची नावे मात्र तिला नजरेसमोर धरावी लागली, म्हणून त्यांचा आकार अर्ध्या पॉइंटने वाढवण्याची विनंती आज संध्याकाळी कळवली आणि ती मान्य झाली.

गटाने प्रूफ पाहून होकार दिला. हार्मोनियम वाजवणाऱ्याने मात्र बराच वेळ पायरीकडे बघून ‘यातला एकही जोड माझा नाही’ अशी हरकत घेतली. तोवर अंक छपाईला गेला असल्याने तो बदल करता आलेला नाही.